नकाशातला चौथा भाग

माह्या फजितीची गोष्ट मीच सांगून टाकतो. नाहीतर सुखदेव सांगन, अन् त्यात पदरचं घालून सांगन.

सुखदेव म्हणजे माह्या वावराचा शेजारी. मोताळ्याच्या बाजारातही मी बोंबलत होतो, याच्या बकऱ्यांनी माह्या सोयाबीनमधून वाट पाडली. तो म्हणे, बकऱ्या दाव्यालेच असतात. रोज सकाळी त्याच्या झोपडीत जाऊन मी त्याले हेच ऐकवत होतो. चहा तो पाजे, म्हणून बसून ऐकवत होतो. शेवटी ठरलं, खरं निघालं तर त्यानं बकऱ्या विकायच्या. खोटं निघालं तर मी या बाबतीत तोंड उघडायचं नाही.

अशात कॉलेजची एक पोरगी आली, प्रतिभा. म्हणे, आजोबा, सगळ्या वावराला सारखं खत कशाला? कम्प्युटर भाग पाडून देतो. मी म्हटलं, माहं वावर त्या डबड्याले काय समजते? तिनं ड्रोन उडवलं, जागोजागची माती नेली. ते डबडं म्हणे रेघ मारते, पुसते, पुन्हा मारते, एका भागात एकसारखी जमीन येईपर्यंत.

नकाशा आला. काळी, मध्यम, बरड, हे तीन भाग मलेही पटले. चौथा मात्र सापासारखा, वावरातून आडवा. पोरगी म्हणे, इथली माती तुडवून टणक झाली, म्हणून वेगळी निघाली.

मग काय विचारता? डबडं एकदम हुशार वाटाले लागलं. पोलीस पाटील अन् चार माणसं वावरात जमवली, सुखदेवले बोलावलं.

"पाह्य बे, तुह्या बकऱ्यांची वाट. आभाळातून दिसते."

त्यानं चष्मा पुसला. वाटेवर बोट ठेवलं.

"हे टोक कोणतं, पोरी?"

"आजोबांची विहीर."

बोट पुढं सरकलं. बाभळीपाशी वाट जराशी फुगली होती. तिथं मी तंबाखू मळाले थांबतो, हे अख्ख्या गावाले माहीत.

"अन् हे दुसरं टोक?"

"तुमची झोपडी, काका."

पोलीस पाटील खाली पाहून मिशीत हसून राह्यला होता. सुखदेव हसला नाही, तेच जास्त झोंबलं.

पोरीनं विचारलं, मग या चौथ्या भागात काय करायचं?

"राहू दे तसाच," सुखदेव म्हणाला. "उद्या सकाळी हा भांडाले कुठून येईन?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, फेरा मारून गेलो. पोचेपर्यंत चहा थंडगार.

बकऱ्यांबद्दल बोलायचं नाही, हे ठरलं होतं. चहाबद्दल थोडंच ठरलं होतं?