गंजात उमटलेलं कापड

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत एका भाल्याच्या पात्याचे फोटो काढत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, दिलीपचा होता. "अविनाशभाऊ, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी दिवे बंद केले. धक्का बसला असं म्हणता येणार नाही. चार महिन्यांपासून मला आणि सुमनताईंना ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं, दिलीपलाही नाही.

सुमनताई विणकरांच्या घरातल्या. रसायनशास्त्र शिकून त्या प्रयोगशाळेत आल्या आणि उत्खननातून येणारं लोखंड स्वच्छ करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आपल्याकडे खापा गावाच्या बाजूला दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन कबरी आहेत. तिथल्या कुऱ्हाडी, खंजीर गंजाचे गोळे होऊन यायचे. मी फोटोग्राफर म्हणून नवा होतो. एका खंजिरावरचा गंज खरवडायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. "काहून खरवडतं गा? त्याच्यात कापड आहे." मला काहीच दिसेना. मग त्यांनी भिंग दिलं. लोखंडाभोवती गुंडाळलेलं कापड कुजून जातं, पण कुजता कुजता गंज त्याच्या धाग्यांत शिरतो आणि धाग्याचा आकार धरून ठेवतो. भिंगाखाली तांबूस गंजात उभे-आडवे धागे स्पष्ट दिसत होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी विणलेले. त्यांचा पीळ कुठल्या बाजूचा, हेही त्यांनी मला बोटाने दाखवलं.

त्यांच्या या कामावरचा एक लेख वाचून युरोपातल्या एका उत्खनन पथकाने त्यांना लिहिलं. रोमन साम्राज्याच्या सीमेवरची एक जळालेली वस्ती ते खणत होते. एका घराच्या जमिनीखालच्या खड्ड्यात एक रुंद पात्याचा खंजीर आणि तीन भाले निघाले होते, कापडात गुंडाळलेले. शस्त्रं देवाला अर्पण केली असावीत, असा पथकाचा अंदाज होता. सुमनताईंनी फक्त विणीचा प्रकार सांगायचा होता. मोठे केलेले फोटो आणि एक्स-रे आले. मी ते पडद्यावर लावून दिले.

तीन दिवस त्या तेच फोटो पाहत होत्या. डबासुद्धा पडद्यासमोर बसून खायच्या. चौथ्या दिवशी मला हाक मारली. "इकडे पाय. इथपर्यंत धागे ठोकून बसवले आहेत. याच्या पुढचे चार धागे नुसते पडले आहेत, सैल. आन् इथं उभे धागे एका झटक्यात कापले आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कापड पुरं नव्हतं झालं गा. मागावर होतं. विणता विणता कापलं."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या सात-आठ वर्षांच्या असताना शेजारच्या सुताच्या कोठाराला आग लागली होती. धूर घरात शिरला तेव्हा त्यांच्या वडिलांनी मागावरचं अर्धं लुगडं विळ्याने कापलं, त्यात तान्ह्या दिलीपला गुंडाळलं आणि सगळ्यांना घेऊन पळाले. ते अर्धं कापड पुढे कित्येक वर्षं घरात होतं. त्याचा शेवट अगदी असाच, सैल. "विणणारं माणूस मागावरचं कापड कापत नाही. देवासाठी तर नाहीच नाही. जीव जाऊन राहिला तरच कापते."

मी विचारलं, "मग शस्त्रं पुरली कशाला? हातात घ्यायची."

त्यांनी चष्मा काढला. "मीही तेच पाहून राहिली. धार लावून लावून पातं झिजलं आहे, म्हणजे म्हाताऱ्या सैनिकाचं घर. लढून फायदा नाही, हे त्याले कळलं असेल. घरात शस्त्र सापडलं तर मारतील, म्हणून लपवलं. येणारे कोण, हे त्या घराले माहीत होतं." खिडकीबाहेर भर दुपारचं ऊन होतं, रहदारी चालू होती, आणि मला त्या खोलीत बसवेना.

त्याच आठवड्यात खोकला थांबेना म्हणून त्यांनी छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांकडे जाण्याआधी तो प्रयोगशाळेत आणला आणि आमच्याच प्रकाशपेटीवर लावला. आयुष्यभर त्यांनी लोखंडाच्या आतलं पाहिलं होतं. दोन मिनिटं त्यांनी तो नीट पाहिला, मग फिल्म पाकिटात घातली. "मले घाई करावी लागेल गा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेही तेच, हातात थोडेच महिने होते.

त्यांचा अहवाल गेला. पथकप्रमुखाचं उत्तर सभ्य होतं. निरीक्षण मोलाचं आहे, पण रोमन सैन्याच्या चालीरीती पाहता अर्पणाचाच अर्थ अधिक पटतो, असं त्यात होतं. सुमनताईंनी खोकत खोकत मला पुढचं पत्र सांगितलं. सैन्याचं मला कळत नाही, कापडाचं कळतं. त्या काळच्या मागाला उभे धागे ताणायला मातीची वजनं लटकवत. धागे कापले तेव्हा ती खाली पडली असतील. खड्ड्याजवळ जळक्या थराखाली पाहा. आणि दाराच्या बाजूला खणा, कारण ती माणसं फार लांब गेलेली नसावीत.

शेवटचं वाक्य लिहावं की नाही, मी विचारलं. "लिही. त्यांना कोणी शोधलंच नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या फक्त दोनदा प्रयोगशाळेत आल्या. दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, पत्र आलं का? आलं नव्हतं.

ते त्यांच्या तेरवीनंतर आठवड्याभराने आलं. पत्र त्यांच्याच नावे होतं. मातीची वजनं सापडली होती, दोन ओळींत, पडली तशीच. दाराच्या आत दोन सांगाडे होते, एक मोठ्या बाईचा आणि एक लहान मुलीचा. बाईच्या मुठीत लोखंडी किल्ली होती. किल्लीचे फोटो सोबत जोडले होते, आणि खाली प्रमुखाने लिहिलं होतं, 'तुमचं बरोबर होतं. यावर कापड आहे का, कृपया पाहाल?'

ते पत्र मी दिलीपला त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. प्रयोगशाळेत परत आलो, किल्लीचे फोटो पडद्यावर लावले. सुमनताईंच्या स्टुलावर अजून कुणी बसत नाही. मी उभ्यानेच भिंग घेतलं आणि त्या मोजायच्या तसे डावीकडून धागे मोजले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खंजिरावरच्या कापडाचेच धागे होते ते, तोच पीळ. त्याच कापडाच्या एका तुकड्याच्या टोकाला किल्ली बांधून घेतलेली. घराला कुलूप लावून निघायचं होतं त्या दोघींना... परत येण्यासाठी.

गंजात गाठ अजून दिसते. घट्ट आहे. तसं मी पथकाला कळवलं, आणि खाली सुमनताईंचं नाव लिहिलं.