नागुबाईनं टाकलेला शब्द

नागुबाईचं तोंड म्हणजे हलगी, एकदा वाजायला लागली की अख्ख्या गावाला ऐकू जाणार. पण एक गोष्ट मात्र तिनं आजवर कुणापाशी बोलून दाखवली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्याही अजून कोऱ्या होत्या, आणि दुष्काळ आला. औशाकडं तळ्याचं काम निघालं. नागुबाई बायांच्या टोळीत माती वाहायची. त्या कामावर साहेब म्हणून आली कोण, तर एक पोरगी! कंधारची विशाखा गच्चे, नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली. बाया पदराआड हसल्या. पोरगी मात्र मोजणीची दुर्बीण लावून भर उन्हात उभी.

"मावशी, हे तळं भरलं की पाणी जिथनं पडेल, तो सांडवा मीच बांधणार बघ," ती म्हणायची आणि नागुबाईच्या फडक्यातली भाकर मोडून खायची.

नागुबाईचा तिच्यावर भारी जीव जडला. उन्हानं पोरीचे ओठ फुटले, ते काही तिला बघवेना. आपला जन्म मातीत गेला तो गेला, शिकल्यासवरल्या लेकीनं का म्हणून जळावं? मोठे साहेब जीपमधून उतरले, तशी ही बया विशाखाला न विचारताच पुढं झाली.

"साहेब, लेकरू लई करपून राहिलंय. हापिसात खुर्ची द्या की त्येला."

साहेब खूश! बाईमाणूस साइटवर नको, हे त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. थोड्याच दिवसांत ऑर्डर आली. विशाखा लातूरला नकाशे काढायला गेली. निघताना ती रडली, तर नागुबाईला वाटलं, आनंदानं रडतीय. लाडू बांधून दिले वर, खुळीनं!

बऱ्याच वर्षांनी डोळे दाखवायला लातूरला आलेली नागुबाई तिला भेटायला गेली. विशाखा पंख्याखाली नकाशांच्या त्याच टेबलाशी होती, केस पिकलेले. साइटवर काम केलं नाही म्हणून बढती अडली होती, आणि साइट कुणी देत नव्हतं.

"मावशी, सांडव्यावरनं पाणी कसं पडतं गं?"

"तू बघितलं न्हाईस?"

"दुसऱ्यानं बांधला. जाववलं नाही." विशाखानं चहा पुढं सरकवला. "साहेब म्हणाले होते, कामावरच्याच कुणीतरी माझ्यासाठी शब्द टाकला. कोण असेल गं?"

मी गं बाई, मीच ती, एवढंच तर नागुबाईला म्हणायचं होतं.

"वैरी असंल कुणीतरी," ती कशीबशी म्हणाली.

"वैरी असता तर भांडले असते, मावशी. माया करणाऱ्याशी कसं भांडू?"

नागुबाईनं मान खाली घातली. चहा तसाच राहिला.