माझ्या उंचीचा ओटा

माझी उंची चार फूट आठ इंच. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं, "पोरगी शिकलेली आहे, नोकरीवाली आहे, फक्त जराशी ठेंगणी आहे." त्या 'जराशी'ला काय म्हणावं! ज्या घरात मी आले तिथे सगळे ताडमाड. सासरे दारातून वाकून आत यायचे, आमचे हे स्टूल न घेता माळ्यावरचे डबे काढतात, आणि सासूबाई तर आमच्या गल्लीतली सगळ्यात उंच बाई. घाटंजीतलं हे घर बांधलं तेव्हा गवंड्याने सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, त्यांच्या मापाने खडूची रेघ मारली आणि तेवढा ओटा बांधला. तेव्हा मी या घरात नव्हते, त्यामुळे दोष कुणाचाच नाही. पण त्या ओट्यावर सत्तावीस वर्षं भाकरी थापल्या त्या मी.

कशा थापल्या तेही ऐका. पायाखाली पाट घेऊन. मध्ये एकदा चौरंग घेऊन पाहिला, तर वरणाने भरलेल्या गंजासकट खाली आले. तेव्हापासून पुन्हा पाट. पाटाने मिळतात चार बोटं, मला हवी होती वीतभर. परात छातीशी, खांदे कानाशी, आणि हात वरून दाबायचा तर तो वर जाणार कुठे? गेल्या वर्षी उजवा खांदा असा धरला की शाळेत फळ्यावर तारीख लिहिता येईना. डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, मी किंचाळले, आणि ते शांतपणे म्हणाले, "एक तर ओटा बदला, नाहीतर भाकरी सोडा."

भाकरी सोडा! अहो, माझं माहेर उमरखेडकडचं. ज्वारीची भाकर आणि ठेचा यांवर मी वाढले. भाकर थापायला मला मनापासून आवडतं. चौथीच्या पोरांनी दिवसभर डोकं खाल्लं की घरी येऊन चार भाकरी थापायच्या, सगळा राग पिठात जातो. तो राग मग मी कुठे नेऊ? मी घरात जाहीर करून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीत जुना ओटा फुटणार आणि नवा माझ्या मापाचा होणार. मनात मात्र धाकधूक होती. ओटा काही दरवर्षी कुणी फोडत नाही. या वेळी माप चुकलं असतं, तर माझ्या भाकरी कायमच्या गेल्या असत्या.

सासूबाईंना ते पटलं नाही. गुडघ्यांमुळे दहा वर्षांपासून त्या स्वयंपाकघरात उभ्या राहत नाहीत, समोरच्या खोलीत खुर्चीवर असतात. पण ओटा त्यांचा.

"कायले फोडून राह्यली वं तो? दगडासारखा मजबूत हाय."

"मजबूत आहे आई. पण उंच आहे."

"उंच? मले तं बरोबर होता." एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आमच्या ह्यांचं म्हणणं, करायचंच तर यवतमाळच्या मोठ्या दुकानातून करू, जन्मात एकदाच करतो. मी कबूल झाले. यवतमाळला जायचं म्हणून चांगली साडी नेसले, ठेवणीतली चप्पल घातली आणि पिशवीत परात, पिठाचा डबा आणि पाण्याची बाटली भरली. एसटीत बसल्यावर ह्यांचा हात पिशवीला लागला.

"हे परात कायले घेतली?"

"माप घ्यायला."

"अवं, माप लोक टेपनं घेतात."

"लोक घेत असतील," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस पाहत बसले.

दुकान म्हणजे काय सांगू! काचेचं दार, गार हवा, बसल्याबरोबर कॉफी. टाय लावलेला एक तरुण आला आणि त्याने सगळं ह्यांनाच दाखवायला सुरुवात केली. "सर, ही ट्रॉली बघा, थोडी ढकलली की आपोआप बंद होते." ह्यांनी ती सात वेळा ढकलली. खोटं कशाला बोलू, दोनदा मीही ढकलली. मग त्याने विचारलं, "सर, घरी कुकिंग कोण करतं?"

"मी करते," मी म्हटलं.

"अच्छा. मॅडम, मग कलर तुम्ही सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाईने रंग सांगायचा आणि बाकीचं सरांनी ठरवायचं! "रंग राहू द्या," मी म्हटलं, "ओट्याची उंची किती?"

"चौतीस इंच, मॅडम. स्टँडर्ड आहे."

"कुणाचं स्टँडर्ड?"

त्याने टाय सरळ केला. "सगळ्यांचं."

"मी सगळ्यांत येत नाही का?"

ह्यांना एकाएकी खोकला आला. मी सरळ दुकानभर फिरले. कोपऱ्यात, बसून नाश्ता करायला म्हणून, एक बुटका कट्टा मांडून ठेवला होता. मी त्याच्यावर परात ठेवली, पीठ मळलं, उंडा केला आणि लागले थापायला. काळ्या चकचकीत दगडावर पीठ उडालं. हे दोन पावलं मागे सरकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले, जणू मला ओळखतच नाहीत. दुकानातल्या दोन बायका जवळ आल्या. त्यातली वयस्कर बाई परातीत वाकून म्हणाली, "पीठ सैल झालं वं बाई. पाणी जास्ती पडलं." मी म्हटलं, "हो मावशी, बाटलीने अंदाज येत नाही." तिने अजून चिमूटभर पीठ भुरभुरलं. टायवाला बिचारा हातात फडकं घेऊन उभा.

पण हात कसा बरोबर खाली येत होता! खांदा गप्प. मी जोरात म्हटलं, "ह्या कट्ट्याची उंची मोजा." तीस इंच निघाली. "तीस लिहा," मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं, खास तेवढं बनवून देऊ म्हणाला. फिटिंग तुमच्या गावच्या मिस्त्रीकडून करून घ्या, आठ दिवसांत फायनल कळवा. परतताना मी इतकी खूष होते की स्टँडवर टोपलीभर सीताफळं घेतली आणि घरी येईपर्यंत निम्मी आम्हीच खाल्ली.

फिटर आमच्या गावातच होता. जातिवंत सुतार, बरीच वर्षं नागपूरला किचनचंच काम करून परत आलेला, बाजाराच्या मागे टिनाच्या शेडमध्ये बसणारा. हे बोलवायला गेले तर त्याने विचारलं, "घरी सैपाक कितीक वाजता असते? तवाच येतो. रिकाम्या खोलीचं माप कोणीबी घेते." मला हे ऐकूनच तो माणूस आवडला.

सकाळी दहाला आला. दाराशी चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला आणि अर्धा तास मी पाटावर कशी चढते, उतरते, फ्रिजकडे जाते, परत चढते ते पाहत राहिला. मग उठून त्याने विटा आणल्या, त्यांवर पातळ फळ्या रचल्या, टेप लावून तीस इंच उंची केली. "थापा बाई."

मी थापायला लागले आणि खांद्यात कळ आली. हात पुन्हा वर!

"असं कसं?" मी म्हटलं. "तिथे तर अगदी बरोबर होतं. टेप नीट पाहा तुमचा."

टेप बरोबर होता. तो माझ्या पायांकडे पाहत राहिला. "बाई, तिथं अनवाणी होत्या का?"

मी खाली पाहिलं. पाय उघडे, फरशीवर.

"भाऊ, यवतमाळले कोणती चप्पल घालून गेलत्या ह्या? आणा बरं."

ह्यांनी ठेवणीतली चप्पल आणली. फिटरने टाचेला टेप लावला. दोन इंच, बरोबर दोन इंच. माय वं! सत्तावीस वर्षांत एकदाही मी चप्पल घालून स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही, आमच्याकडे कुणीच ठेवत नाही, आणि स्वयंपाकघराचं माप दिलं ते टाचेची चप्पल घालून! मी कपाळावर पिठाचा हात मारला. हे हसता हसता खालीच बसले. फिटर एवढा गंभीर माणूस, तोही तोंड फिरवून हसला.

त्याने एकेक पातळ फळी काढत काढत अठ्ठावीसवर आणलं. अनवाणी, जमिनीवर पाय टेकून मी भाकर थापली आणि हात असा सरसर फिरला की माझे डोळे भरून आले.

"आता जुन्यावर एक थापून दाखवा," तो म्हणाला. "पाट नका घेऊ. किती फरक हाय ते मले पाहू द्या."

हसणं ऐकून सासूबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. मी जुन्या ओट्याशी गेले. पाटाविना परात थेट गळ्याशी आली. टाचा उंचावून, कोपरं पंखासारखी वर करून मी कशीबशी थापत होते. सासूबाई चौकटीला धरून पुढे वाकल्या.

"इतका उंच पडते तुले?" त्या म्हणाल्या.

"पाट असतो ना, आई."

त्या काठी टेकत वळल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, रागावल्या.

दुपारी मी यवतमाळच्या दुकानात फोन केला. तीसचं अठ्ठावीस करा म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, तीसच्या खाली आमचे कपाटांचे बॉक्स बसत नाहीत. दोन इंचांनी काय होतं?" काय होतं ते माझ्या खांद्याला विचार बाबा! मी ऑर्डर नको म्हणून सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला, कारण ती आपोआप बंद होणारी ट्रॉली गेली. फिटर अजून भिंतींची मापं घेत होता, तो म्हणाला, "भाऊ, ते सामान सुटं भेटते. मी लावून देतो." ह्यांनी त्याला तिथल्या तिथे दुसरा चहा पाजला. ठरलं, काम त्याचंच.

ओटा फोडायच्या सकाळी फिटरने घण उचलला तोच मागून आवाज आला, "थांब रे बापू." सासूबाई आल्या. काठी माझ्या हातात दिली, छोटा हातोडा मागितला आणि म्हणाल्या, "माह्या मापाचा हाय. पहिला घाव माह्याच हातचा." टणकन आवाज झाला, टवका उडाला. दुसरा घाव त्यांनी कुणी न सांगताच घातला. मला वाटतं त्यांना मजा येत होती.

बारा दिवसांनी नव्या ओट्यावर पहिली भाकर पडली. पाय फरशीवर, खांदे जागेवर. हे कप विसळायला वाकले आणि ओरडले, "कंबर गेली ना माही!" मी म्हटलं, "होईल सवय." तव्यावर भाकर टम्म फुगली. ती मी सासूबाईंच्या ताटात वाढली.

त्यांनी भाकर मोडली, काठ बोटांनी चाचपला. "आज काठ पातळ झाले."

"म्हणजे? आधी नव्हते?"

"नाही ना वं. सत्तावीस वर्ष जाडेच खाल्ले."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"मले वाटे, तुले येतच नाही. सांगून पोरीले कायले दुखवाचं?" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "अन् तू काहून नाही बोलली, ओटा उंच पडते म्हणून?"

"मला वाटलं, तुमच्या मापाचा आहे. तुम्हाला वाईट वाटेल."

 मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या की घास अडकला. मी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि हसता हसता मला रडूच आलं. त्यांनी पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"दोघी बी येड्या," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. "दे आणखी एक."