खाली दाब आहे

मामूंचा पाण्याचा टँकर रस्त्यावर अगदी सरळ जायचा आणि मोकळ्या वाळवंटात शिरला की नागमोडी. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीमागे आमची साइट होती. धूळ बसावी म्हणून दिवसातून चार वेळा पाणी मारायचं, एवढंच त्यांचं काम. समोर सपाट जमीन, आणि हा गृहस्थ स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत चाललाय! मी पुण्याहून नवा आलेला इंजिनिअर, अंगात नको तेवढी शिस्त. एकदा टँकर अडवून विचारलंच, "काय मामू, झोप येतेय का?" ते दाढीतल्या दाढीत हसले. "नाय सायेब. कोणाच्या दारावरनं गाडी घालू नये." म्हाताऱ्याला ऊन लागलंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मामू रत्नागिरीकडचे. कुवेतमध्ये त्यांची उमर गेली होती, पण बोलण्यातला कोकणी हेल गेला नव्हता. अरबी शब्दही त्यांच्या तोंडून निघायचे ते खाडीचं पाणी पिऊनच. रोज सकाळी कामाचं परमिट निघायचं. इलेक्ट्रिकलची सही, सेफ्टीची सही, ऑपरेशनची सही. मामू टँकरच्या पायरीवर बसून विचारायचे, "सगळ्यांच्या सह्या झाल्या काय? कोण राहिला नाय ना?" आम्ही हसायचो. मला तो त्यांचा रोजचा विनोद वाटे.

मग तो रविवार उजाडला. पाइप रचून ठेवायला आवार हवं होतं आणि त्यासाठी मामू जिथे वळणं घ्यायचे नेमकी तीच जमीन सपाट करायची होती. डोझर सुरू झाला, तोच मामू टँकरमधून उडी मारून हात हलवत धावत आले. "सायेब, मशीन थांबवा! खाली दाब हाय!"

आता तेलाच्या धंद्यातल्या मराठी माणसाला कुणी सांगितलं की खाली दाब आहे, तर त्याचं काय होईल? जमिनीखाली चालू लाइन, आत प्रेशर, आणि वर आमचा डोझर! काम बंद केलं, माणसं हटवली, जुनी ड्रॉइंग्ज काढली, लाइन शोधणारं यंत्र मागवलं. दुपारपर्यंत सगळे जमीन हुंगत फिरत होते. कुठे काही नाही. शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो मामू, कुठाय दाब?"

त्यांनी बोट दाखवलं. बिळाच्या तोंडाशी काटेरी शेपटीचं, हातभर लांब, घोरपडीसारखं एक जनावर ऊन खात पडलं होतं. "हा काय." अरब त्याला धब म्हणतात, मामूंच्या तोंडी त्याचा दाब झाला होता. तशी बिळं तिथे पंधरा-वीस तरी होती. टँकर कशाला वळणं घेत होता, ते तेव्हा मला कळलं. पण मी भडकलो होतो. "मामू, माझी अब्रू घालवलीत!" मोठे साहेब तर इतके तापले की मंगळवारी सकाळी डोझर चाललाच पाहिजे, असं बजावून गेले.

सोमवारी संध्याकाळी मामू फहाहीलच्या बाजारातून बांगडे घेऊन आमच्या घरी आले, माफी मागायला. माझी मुलगी सई शाळेसाठी कोआलावर चार्ट करत होती. मामू चित्राकडे बघत बसले. "हा अस्वल काय?" "नो मामू, ही इज नॉट अ बेअर," सईचं उत्तर इंग्रजीतच. मग तिने मोडक्या मराठीत समजावलं. हा ठरलेल्या झाडांवरच राहतो, नीलगिरीचा पाला खातो. झाडं तोडून रस्ते केले तरी आपल्या जागी परत यायला बघतो, आणि गाडीखाली सापडतो.

मामूंचा चेहरा उतरला. "आमच्या परसात फणस होता, बाळा. त्यावर उदमांजर. रस्ता रुंद केला, फणस गेला. ते चार दिवस येत होतं, फणस बघायला. पाचव्या दिवशी रस्त्यावर मेलेलं दिसलं." मग म्हणाले, "परमिटवर त्याची सही नव्हती ना."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही. सकाळी मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, लाइन नाही, पण जमीन बिळांनी पोकळ आहे. पाइपांच्या थप्प्या खचतील. रस्त्यापलीकडची जमीन कडक आहे, आवार तिकडे करू." हे खरंच होतं. पण नुसतं 'तिथे जनावरं राहतात' म्हणून सांगितलं असतं, तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. साहेब खूप बडबडले आणि शेवटी 'हो' म्हणाले. मामूंनी त्या दिवशी टँकर दुप्पट वळणं घेत चालवला.

गेल्या वर्षी वय झालं म्हणून त्यांचा व्हिसा संपवला. मी विमानतळावर पोचवायला गेलो. आता रोज परमिटवर सही करताना माझंच पेन अडतं, कोण राहिलं का म्हणून, हे त्यांना सांगायचं होतं, पण राहून गेलं. भलतंच विचारलं. "मामू, खरं सांगा. त्या दिवशी 'दाब' तोंडातून तसाच निघाला, की मुद्दाम?"

मामूंनी बॅग खाली ठेवली. "सायेब, घोरपड हाय म्हटलं असतं, तर मशीन थांबवलं असतंत?"

त्यांच्याशी खोटं बोलवेना. "नसतं थांबवलं," म्हटलं.

"मंग!" म्हणाले, आणि बॅग उचलून आत गेले.