अठराशे अठराला बसायचं

नंदा ढावरेचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. तिच्यावर नाही, माझ्यावर. पण आधी तिचं सांगते.

तिचे वडील साताऱ्याकडून आले आणि घाटकोपरच्या डोंगरात खाणीवर दगड फोडायला लागले. तिथला मुकादम म्हणे रोज छाती ठोकून सांगायचा, "इथे राज्य माझं आहे." खाण बंद पडली आणि तोच मुकादम असल्फ्याला रिक्षा चालवायला लागला. नंदाचे वडील त्याच्याच रिक्षातून फिरायचे आणि मुद्दाम सुटे पैसे परत मागायचे. नंदाला इतिहासाची गोडी लागली ती तिथून, असं ती स्वतःच सांगायची.

आमच्या मराठी शाळेत ती बावीस वर्षं इतिहास शिकवत होती, मी गणित. तिची भाकरी आणि माझी सुकट, डबा एकत्रच. दर वर्षी ती नववीच्या मुलांना मैदानात न्यायची. मैदान कसलं, दोन इमारतींमधली फरशी! तिथे एक लांब सुतळी पसरायची, एक हात म्हणजे शंभर वर्षं. सुतळीवर एकेक मूल म्हणजे एकेक साम्राज्य: मौर्य, रोम, मंगोल, मुघल, मराठे, इंग्रज. नंदा सालं वाचायची. उगवलं की उठायचं, बुडालं की बसायचं. प्रत्येकाच्या मागे दोन मुलं पाठीवर दप्तरं घेऊन वाकलेली असायची. ती रयत. साम्राज्य बसलं की त्यांनी पाठ सरळ करायची. जरा दम घेतात न घेतात तोच पुढचं साम्राज्य उठायचं, की पुन्हा वाका. मुलं हसून बेजार व्हायची, पण एकही साल विसरायची नाहीत. मला इतक्या वर्षांत पाढेसुद्धा असे शिकवता आले नाहीत.

यंदा संस्थेचे अध्यक्ष अनंतराव यांनी हा खेळ पाहिला आणि गॅदरिंगला ठेवायचं ठरवलं. नंदा खूश झाली. तालमीला ते स्वतः आले, आणि नंतर स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "ढावरेबाई, झकास आहे. फक्त एक बदल करा. बाकीचे बसू देत. आपलं मात्र उभंच राहील."

"सर, अठराशे अठराला बसायचंय."

"लोकांना वाईट वाटेल ना."

"मलाही वाटतं, सर. महाराजांचा अभिमान मलाही आहे. पण म्हणून साल कसं बदलणार?"

"तुम्हा लोकांना काय, ते बुडालं याचा आनंदच असणार."

नंदा उभी राहिली. "आम्हा लोकांना म्हणजे कोणाला, सर?"

आम्ही अकरा शिक्षक होतो. अकराही जण वह्या तपासायला लागलो. आजोबांनी शाळा काढली, म्हणून या माणसाला इतिहासही वारशात मिळाल्यासारखा वाटत होता, आणि आम्ही तो त्याला देऊन टाकला.

आठ दिवसांत एक कागद फिरला: ढावरेबाईंच्या पाठामुळे भावना दुखावतात. यंदा मुलांचा पट कमी झाला होता. एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता, म्हणजे त्याला दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत जावं लागणार होतं. यादीत नाव कोणाचं घालायचं ते अनंतरावांच्या हातात. मी सही केली. तिसरी सही माझी.

नंदाची रवानगी मालाडच्या एका शाळेत झाली. तिथे तिला इतिहास नाही, कार्यानुभव दिलाय. निघायच्या दिवशी तिने तो कागद मागून घेतला आणि नीट वाचला. मला म्हणाली, "सही तरी नीट करायचीस गं सुलक्षणा. नाव धड वाचता येत नाही तुझं." मग कपाटातली पुस्तकं पिशवीत भरली. मी पिशवीला हात लावायला गेले, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

इतिहासाचे तास माझ्याकडे आले, आणि गॅदरिंगही. मराठे म्हणून नववीतल्या दिशाला उभं केलं. परवा तालमीत मी अठराशे अठरा वाचलं. इंग्रज उठला. दिशा सवयीने बसायला लागली, तशी मी ओरडले, "उभी राहा!" समोर खुर्चीत अनंतराव होते, त्यांनी मान डोलावली. पुढची सालं आली. इंग्रजही बसला. दिशा उभीच.

तिच्या मागे प्रियंका वाकलेली होती, पाठीवर चार दप्तरं. वाकूनच तिने विचारलं, "बाई, ही बसलीच नाही तर आम्ही सरळ कधी व्हायचं?"

पोरीने बरोबर विचारलं होतं. नंदाने तिला डोक्यावर घेतलं असतं.

मी म्हणाले, "तोंड बंद कर. वाकून राहा."