डेटाबेस हलवला आणि भाऊंचा फोन आला

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

जळगावात आमचं केळीच्या गाड्या बुक करायचं छोटं सॉफ्टवेअर आहे. आज अकरा वाजता त्याचा क्लाउडवरचा डेटाबेस आम्ही नव्या खासगी नेटवर्कमध्ये हलवला आणि जुन्या नेटवर्ककडून येणारे सगळे रस्ते बंद केले. एकाही व्यापाऱ्याचं काम अडलं नाही. बाहेर कुणाला सांगितलंही नव्हतं.

वीस मिनिटांत भाऊंचा फोन आला. ज्यांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं, ते भाऊ. वर्षभरापूर्वी आम्हाला सोडून त्यांनी धुळ्याला, देवपुरात असंच स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं, आणि तेव्हापासून आमचे व्यापारी एकेक करून त्यांच्याकडे जात होते. त्यांच्या निरोपाला मी रडले होते.

"बठ्ठं बरं शे ना?" सगळं ठीक आहे ना, हे ते नेहमी अहिराणीतच विचारतात. "सर्व्हरला काही केलं का आज?"

आज अडला असेल तो फक्त जुन्या रस्त्यानं आत येऊन आमच्या बुकिंगा बघणारा, आणि तो रस्ता भाऊंना माहीत होता. आमचे व्यापारी त्यांच्याकडे कसे गेले, ते तिथेच कळलं.

"नाही भाऊ," मी म्हणाले, "इथे बठ्ठं बरं शे."

खोटं बोलल्याची लाजही मलाच वाटली. तुमचं कधी असं झालंय का?