सर्व्हिसिंगचा प्लॅन मी गाडी धुण्यासाठी घेत होते

मंडळी, आज सकाळी गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला गेले होते. काउंटरवरची मुलगी तीन वर्षांचे पैसे आधीच भरायचा प्लॅन समजावत होती. ऑइल, ब्रेकची तपासणी वगैरे. मी नुसती मान हलवत होते. शेवटी ती म्हणाली, "आणि दर वेळी गाडी धुऊन मिळंल."

मी लगेच पेन मागितला. आमच्या मुकुंदवाडीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. बादली घेऊन गाडीजवळ गेलं तरी शेजारी बघत राहतात.

सही करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? सध्या टँकर मिळत नाय, म्हणून गाड्या नुसत्या पुसून देतो. आणि तुम्ही रोज फुलंब्रीला शाळेत शिकवायला जाता म्हणालात. तिकडं रस्त्याचं काम चालूय. त्या धुळीत एअर फिल्टर मधेच बदलावा लागंल, तो प्लॅनमध्ये धरत नाहीत. घरी विचार करा."

मी पेन परत दिला. तिनं माझ्या नावापुढं लिहिलं, 'पाऊस झाल्यावर फोन करणे.' पावसाची तारीख ठरलेली असावी, इतक्या सहज लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी असा प्लॅन घेतलाय का? परवडतो का? माझं अजून ठरलेलं नाही. त्या फोनची वाट मात्र आजपासूनच बघतेय.